धर्माच्या तिपाईचा गोळा

धर्मा, तुझ्या मृत्यूची बातमी मीच दिली. चार ओळींची होती. नाव, गाव, वय, मागे कोण कोण आहे. छापायला देण्याआधी मी ती दोनदा तपासली आणि तिच्यात एकही चूक नव्हती. ती इथे पुन्हा लिहीत नाही. हे लिहितोय ते त्या चार ओळींत बसलं नाही म्हणून, आणि खरं सांगायचं तर सात वर्षं कुठेच बसू दिलं नाही म्हणून.

तुझ्या तिपाईचा गोळा आत्ता माझ्या टेबलावर आहे. तुझ्या दहाव्याला मी कोलशेतला तुझ्या घरी आलो होतो. मंडळी पांगल्यावर हिरावहिनी आतून आल्या आणि धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली ही वस्तू त्यांनी माझ्या हातात दिली.

"त्यांनी सांगून ठेवलंय, भावजी. गोला बातमीदाराला द्या. तोच नीट साफ करतो."

मी विचारलं, "कसं म्हणाला? म्हणजे, हसून म्हणाला का?"

"सादंच बोलले. पानी मागावं तसं."

मी त्यांना आणखी दोनदा विचारलं, वेगळ्या शब्दांत. उत्तर बदललं नाही. बातमीदाराला साक्षीदार पुन्हा पुन्हा तपासायची सवय असते. पण त्या दिवशी मी साक्षीदार तपासत नव्हतो. तुला कळलं होतं की नव्हतं, एवढंच मला हवं होतं, आणि ते वहिनींकडे नव्हतं.

ज्यांनी तुझं काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. तिपाई म्हणजे कॅमेऱ्याचे तीन लाकडी पाय. ते जिथे एकत्र येतात तिथे एक पितळी वाटी, वाटीत मोठ्या लिंबाएवढा गोळा, गोळ्यातून वर आलेली बोटभर दांडी, दांडीवर कॅमेरा. बाजूचा स्क्रू सैल केला की कॅमेरा हवा तिकडे वळतो. आवळला की वाटी गोळ्याला घट्ट धरते आणि कॅमेरा जिथे आहे तिथेच राहतो. ठाण्यात बाकीचे फोटोग्राफर दुकानातल्या भल्यामोठ्या स्टँडवर काम करायचे. असा गोळा तुझ्या एकट्याकडे होता. मुंबईत ज्या स्टुडिओत तू फिल्म धुण्याच्या अंधाऱ्या खोलीत काम शिकलास, तिथल्या मालकाने जाताना तुला तो दिला होता.

तो माझ्याकडे राहायला आला त्याचं कारण तुझं घर. खाडी घरापासून पन्नास पावलांवर. "आमच्या वाऱ्यात मीठ असतं रे. आठ दिवसांत पितळ हिरवं पडतं," असं म्हणत तू स्वातंत्र्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी तिपाई आणि पिशवी माझ्या ठाण्याच्या खोलीत आणून ठेवलीस. मी आपल्या दैनिकाचा ठाण्याचा बातमीदार, तू माझ्याबरोबर फिरणारा फोटोग्राफर. कामाच्या दिवशी सकाळी माझ्याकडे यायचास, माझ्या आईच्या हातचा चहा घ्यायचास आणि आपण निघायचो.

आणि दर रविवारी गोळा साफ व्हायचा. तेव्हा मी वर्तमानपत्र वाचत बसलेला असायचो, पण पाहिलं सगळं आहे. वाटीच्या तोंडाची आट्यांची कडी उलटी फिरवून काढायची. गोळा बाहेर. जुन्या धोतराचा तुकडा स्पिरिटमध्ये भिजवून गोळा पुसायचा, मग वाटी आतून. तुकड्यावर काळा डाग उमटायचा थांबेपर्यंत. मग कोरडा तुकडा. मग गोळा उजेडाला धरून अंगठ्याने चाचपायचा, कुठे वाळूचा कण, कुठे ओरखडा. शेवटी स्क्रूच्या आट्यांना सुईच्या टोकावर मावेल एवढं तेल. गोळ्याला तेलाचा थेंब नाही. वाटीलाही नाही.

यावरून आपला वाद होता. मी म्हणायचो, "शिवणाच्या यंत्राला तेल लागतं, छापखान्याच्या यंत्राला लागतं, विहिरीच्या रहाटाला लागतं. तुझाच गोळा काय सोवळ्यात आहे?"

"बातमीदार, ती यंत्रं फिरायला केलीत. हे थांबायला केलंय."

"पण फिरताना कुरकुरतं की."

"कुरकुरू दे. धरतं ना?"

वाद इथेच संपायचा आणि पुढच्या रविवारी इथूनच सुरू व्हायचा. तुझी आणखी एक तऱ्हा होती. साफ करून झाल्यावर तिपाई भिंतीलगत उभी करायचास, दांडी आडवी करून स्क्रू आवळायचास, दांडीला दोन शेरांचं वजन सुतळीने टांगायचास आणि दांडीच्या टोकाशी भिंतीवर पेन्सिलने रेघ ओढायचास. मग बाहेर जाऊन निवांत पान खाऊन यायचास. परत आल्यावर दांडी रेघेवर असली तर गोळा पास. आई म्हणायची, "अरे, माझ्या भिंतीचं वाट्टोळं केलंस." तू म्हणायचास, "आई, ही भिंत एक दिवस नाव काढील." तिला ते कधीच कळलं नाही, पण ती हसायची.

काम असेल त्या दिवशी मात्र वजन लावून बघणं माझ्याकडे होतं, कारण तिपाई माझ्याकडे होती आणि तुला कोलशेतहून यायला उशीर व्हायचा. मी ते निम्म्या वेळा केलं. उरलेल्या निम्म्या वेळा केलं म्हणून सांगितलं. गोळा चांगला होता आणि तू तो चांगला ठेवत होतास, म्हणून काही बिघडलं नाही.

आता त्या दिवसाकडे येतो.

तुमच्याकडचं अर्धं मिठागर कारखान्यासाठी विकलं गेलं होतं. पुढच्या वर्षी तिथे मीठ पिकणार नव्हतं. संपादकांना त्यावर एक लेख हवा होता आणि लेखाबरोबर एक मोठं छायाचित्र. लेख माझा, छायाचित्र तुझं. आणि छायाचित्रात तुझे वडील, ज्यांना सगळं गाव आबा म्हणत असे. साठ वर्षं त्यांनी त्याच बांधांवर काढली होती.

तू त्यांचा फोटो कधीच काढू शकला नव्हतास. ते काढू देत नव्हते. तुमच्याकडे भिंतीवर फोटो लागायचा तो माणूस गेल्यावर. तू विचारलंस की त्यांचं उत्तर ठरलेलं. "मेल्यावर काड. आताच काय घाई हाय?" फोटोग्राफर मुलाच्या घरात बापाचा फोटो नव्हता, आणि तू ते चेष्टेवारी न्यायचास, पण तुला ते लागत होतं हे मला माहीत होतं.

या वेळी ते तयार झाले. तू युक्ती केली होतीस. म्हणालास, "आबा, फोटो तुमचा नाही, मिठाचा आहे." त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "मिठाचा काड. मी नुस्ता मधी उभा रातो. पन एकच. दुसरा नाय."

आदल्या दिवशी दुपारी मी पिशवी आवरत होतो. गोळा फिरवून पाहिला. कुरकुरला. त्या आठवड्यात हवा दमट होती आणि तू रविवारी आला नव्हतास. मला वाटलं, उद्या धर्माचा महत्त्वाचा दिवस आहे, त्याला ही कुरकुर नको. आईच्या शिवणयंत्राच्या खणातून तेलाची छोटी कुपी घेतली. कडी न काढताच, वरून, गोळ्याच्या कडेने तीन थेंब सोडले आणि गोळा चारी बाजूंनी फिरवला. कुरकुर थांबली. लोण्यासारखा फिरायला लागला.

आई दारातून म्हणाली, "त्याच्या वस्तूला हात लावू नकोस बाबा. त्याला नाही आवडत."

"त्याला कळणारसुद्धा नाही," मी म्हणालो. माझे शब्द मला जसेच्या तसे आठवतात.

ते मी तुझ्यासाठी केलं. हे वाक्य खरं आहे, म्हणून लिहितो. पण ते अपुरं आहे. इतक्या रविवारच्या वादात तू चुकत होतास हे मला दाखवायचं होतं. दुसऱ्या दिवशी काम झाल्यावर मी सांगणार होतो, "बघ, तेल घातलं होतं, काय बिघडलं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी वजन लावलं नाही.

आपण मिठाच्या कोठीत पोचलो तेव्हा दिवस कलला होता. मीठ छपराला टेकलं होतं आणि उजेड एका दारातून तिरपा येत होता. तुला तोच उजेड हवा होता. त्या उजेडाला दहा सेकंद लागणार होते. आबा राशीपुढे उभे राहिले, मीठ ओढायचं लाकडी अवजार हातात, दांड्यावर हनुवटी. तू तिपाई लावलीस, कॅमेरा चढवलास, गोळा वळवलास आणि थांबलास.

"आज मऊ फिरतोय रे. वजन लावलं होतंस?"

"लावलं होतं."

धर्मा, मला तिथे एक वाक्य बोलायचं होतं. तेल घातलंय, पुसून घे. स्पिरिट पिशवीत होतं. पाच मिनिटांचं काम. पण आबा उभे होते, उजेड सरकत होता, आणि तुझ्यासमोर मी चुकीचा ठरणार होतो. ही तीन कारणं मी इतकी वर्षं याच क्रमाने स्वतःला सांगत आलो. खरा क्रम उलटा आहे.

तू स्क्रू नेहमीपेक्षा जास्त आवळलास. मग तार हातात घेतलीस, जी दाबली की कॅमेऱ्याला हात न लावता तो उघडतो. "आबा, आता श्वास सोडा आणि तसेच राहा." मोठ्याने दहा मोजलेस. आबा दगडासारखे उभे होते. तू त्यांच्याकडे पाहत होतास, कॅमेऱ्याकडे नाही. मी कॅमेऱ्याकडे पाहत होतो. तो हलताना मला दिसला नाही. तेवढी सुटका मला आहे.

"झाला?" आबा म्हणाले. "एवड्यासाठी उभा केलास? तवर दोन पाट्या मीठ उचललं असतं."

"आणखी एक, आबा. फक्त एक."

"एक बोल्लो व्हतो." आणि ते बाहेर पडले.

परत येताना तू खुशीत होतास. इतका खुशीत की रस्ताभर आबांची नक्कल करत होतास. आईला सांगितलंस, "आई, आज म्हाताऱ्याला पकडला." तिपाई माझ्या खोलीत ठेवून तू फिल्म घेऊन गेलास.

तिसऱ्या दिवशी सकाळी आलास, चहाला नाही म्हणालास आणि निगेटिव्ह माझ्या हातात दिलीस. मी ती खिडकीशी धरली. मिठाची रास होती. राशीपुढे एक उभा माणूस होता, वरून खाली ओघळलेला. तोंड, हात, अवजार, सगळं एकमेकांत उतरलेलं. डोळे कुठे संपतात आणि गाल कुठे सुरू होतात ते कळत नव्हतं.

"काहीतरी हललं," तू म्हणालास. "बघू या काय ते."

तू गोळा काढलास. मी तुझ्याकडे पाहत उभा होतो आणि मला भीती वाटत नव्हती, कारण गोळ्यावर आता तेल नव्हतं.

ते मी आधीच्या दिवशी काढलं होतं. काम झाल्यापासून मला चैन नव्हती. आणि चैन नव्हती म्हणून मी काय केलं, तर तुझ्याकडे आलो नाही, पुरावा पुसला. कडी उलटी फिरवून काढली. गोळा बाहेर. धोतराचा तुकडा, स्पिरिट, डाग उमटायचा थांबेपर्यंत. वाटी आतून. कोरडा तुकडा. उजेडाला धरून अंगठ्याने चाचपलं. तुझ्या रविवारांनी मला शिकवलेलं सगळं मी त्या दिवशी पहिल्यांदा केलं, एकही पायरी न चुकवता.

तू गोळा हातात घेतलास, अंगठा फिरवलास आणि माझ्याकडे पाहिलंस.

"साफ केलास?"

"हो. काल."

"छान केलास की. पहिल्यांदाच नीट केलास."

मग तू तिपाई भिंतीला लावलीस, दोन शेरांचं वजन टांगलंस, रेघ ओढलीस आणि पान खायलाही गेला नाहीस. खुर्चीत बसून राहिलास. अर्धा तास. दांडी केसभरही हलली नाही. तू उठून तिपाईचे पाय तपासलेस, कॅमेऱ्याचा तळ तपासलास. मग तुझा उजवा हात समोर धरलास, बोटं पसरून, आणि त्याच्याकडे बघत राहिलास.

"गोळा नाही, पाय नाहीत," तू म्हणालास. "म्हणजे तार मी ओढली असणार. दाबायच्या ऐवजी ओढली. बापाचा फोटो म्हटल्यावर हात हलला, बघ."

ती रेघ अजून भिंतीवर आहे. मध्यंतरी घराला चुना लावला तेव्हा मी तो कोपरा सोडायला सांगितला. आईने कारण विचारलं नाही.

संपादकांची विचारणा आली, छायाचित्र का नाही? मी पोस्टकार्डावर उत्तर लिहिलं, "छायाचित्र हलल्यामुळे छापण्याजोगे नाही." नेटकं वाक्य आहे. त्यात एकही शब्द खोटा नाही आणि त्यात कोणीही काहीही केलेलं नाही. लेख छायाचित्राशिवाय छापून आला.

त्यानंतरच्या शनिवारी मी मुंबईच्या कचेरीत होतो. प्रुफं वाचत बसलो होतो. मागे दोन उपसंपादक बोलत होते. एक म्हणाला, "मिठागरातला गडी तो. दिवस कलल्यावर हात स्थिर राहील कसा?" दुसरा म्हणाला, "जवळ आला की वास येतो, लक्षात आलंय ना? दारूबंदी आहे म्हणून सांगतो, जपून." दोघेही दबक्या आवाजात हसले.

तो वास स्पिरिटचा होता. तुझ्या हाताला, पिशवीला, खिशातल्या फडक्याला. माझ्याशिवाय हे त्या कचेरीत कोणाला माहीत नव्हतं. मी मान वर केली नाही. त्या दिवशी मी तालुक्याच्या एका बातमीत दोन माणसांची चुकलेली आद्याक्षरं दुरुस्त केली, हे मला पक्कं आठवतं. आदल्या आठवड्यात चुकीची छापली गेली होती. आम्ही रीतसर दुरुस्ती दिली, पहिल्या पानावर नाही, पण दिली.

तुला काम देणं बंद झालं. कोणी पत्र पाठवलं नाही. नुसतं बोलावणं आलं नाही. तू एकदाही विचारलं नाहीस, कारण तुझ्या मते त्यांचं बरोबर होतं.

दसऱ्याआधी आबा गेले. दुसरा फोटो नव्हताच. तू ती निगेटिव्ह छापायला तयार नव्हतास. वहिनींनी हट्ट धरला. म्हणाल्या, "कसाबी असंल, हायेत ना त्येच?" तू एक प्रत काढून दिलीस आणि ती भिंतीवर लागली. मी पुढे घरी यायचो तेव्हा त्या भिंतीकडे पाठ करून बसायचो. तुला वाटायचं मला दाराचा वारा आवडतो.

मग तू विठ्ठलवाडीला एका खोलीचं दुकान घेतलंस. छावणीतल्या निर्वासितांना अर्जांवर लावायला फोटो लागायचे. लाकडी खुर्ची, मागे पांढरी चादर, पुढे न हलणारा जड स्टँड. गोळ्याला तिथे काम नव्हतं. तरी तो तू माझ्याकडून तिकडे नेलास आणि दर रविवारी साफ करत राहिलास. मी पंधरा दिवसांनी यायचो. बाहेरच्या बाकावर बसायचो. आत एखादी सिंधी म्हातारी ताठ बसलेली असायची आणि तुझा आवाज यायचा, "हिलना मत, माजी. हिलने का काम हमारा है."

म्हातारी हसायची. तू फोटो काढायचास. बाहेर येऊन मला म्हणायचास, "हसवलं की माणूस सैल होतं." हा विनोद तू रोज करत होतास, बहुधा दिवसातून वीस वेळा. मी त्यातले शंभर तरी ऐकले असतील.

एकदा मी सुरुवात केली होती. दुपारची वेळ, दुकान रिकामं. तू फडक्यात गोळा घेऊन बसला होतास. मी म्हणालो, "धर्मा, त्या दिवशीचा गोळा..."

"सोड रे," तू म्हणालास. "आबा जरा लांबट आलेत, इतकंच. तसे उंचच होते."

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. तू आत गेलास. नंतर मी विषय काढला नाही. स्वतःला सांगताना मी नेहमी गिऱ्हाईक आलं इथे थांबतो. गिऱ्हाईक पाच मिनिटांत गेलं होतं. मी त्यानंतर तास-दीड तास तिथे होतो. आपण ठाकुर्लीच्या वीजघराबद्दल बोललो.

तुला कळलं होतं का? मी दोन्ही बाजू मांडून पाहिल्या. कळलं असेल, कारण तुझ्या अंगठ्याला काहीही कळायचं, आणि ज्याने कधी गोळा पुसला नाही त्याने नेमका त्या दिवशी का पुसला, हा प्रश्न तुला पडला नसेल असं वाटत नाही. कळलं नसेल, कारण कळलं असतं तर तू काम असं मुकाट जाऊ दिलं नसतंस. की मला वाचवायला जाऊ दिलंस? मी अशी बातमी छापली नसती. एकच साक्षीदार आणि तोही आता नाही. मी तुझ्याकडून क्षमा काढून घ्यायला बसलोय असं कोणी म्हणेल, म्हणून हा प्रश्न इथेच सोडतो. तुला कळलं असलं तरी सांगायचं काम माझं होतं.

दहाव्याच्या दिवशी गोळा हातात आल्यावर मी वहिनींना सगळं सांगितलं. तेल, वजन, स्पिरिट, पोस्टकार्ड, कचेरीतलं हसणं. बसून सांगितलं, भिंतीकडे तोंड करून. आबांचा फोटो समोर होता. वहिनींनी मध्ये एकदाही थांबवलं नाही.

"त्यांना सांगितलंत?"

"नाही."

"मंग मना सांगून काय व्हनार, भावजी?"

त्या उठून आत गेल्या. मला वाटलं आता मी निघावं. त्या चहा घेऊन आल्या, कप माझ्यापुढे ठेवला आणि समोर बसल्या.

"तुमाला ठावं हाय, लोक काय बोलायचे? तुमच्या कचेरीतला बोल पेपरच्या एजंटाने गावात आनला. धर्मा माडी पितो, हात कापतो, म्हनून पेपरने काडला. माज्या सासूपतुर गेला त्यो बोल. हे गल्यातली तुलशीची माल हातात घ्यून सांगायचे, थेंब लावला नाय. सासू बोलायची, मंग वास कसला येतो? मी सांगायची, फडक्याचा. कोन आईकतंय? सात वर्सं सांगून सांगून मी दमली."

हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस. माझ्या कचेरीतलं हसणं कोलशेतपर्यंत पोचलं हे मला त्या दिवशी कळलं. बातम्या पोचवणं हा माझा व्यवसाय आहे आणि ही बातमी माझ्यापर्यंत सगळ्यात शेवटी आली.

"आता तुमी लिवा," वहिनी म्हणाल्या.

"काय लिहू?"

"ह्येच. मना सांगितलं तसंच. तुमचा पेपर लोक खरा मानतात ना? मंग लिवा. मोटं मोटं नको. वास फडक्याचा व्हता आनि त्यांचा हात हलत नव्हता. येवडंच."

निघताना त्यांनी मला दारापर्यंत सोडलं. चहा घेतला, पण बरं वाटलं असं मी म्हणणार नाही. त्यांनीही मला बरं वाटावं म्हणून काही म्हटलं नाही. योग्यच केलं.

आज सकाळी मी गोळा साफ केला. त्यावर फारसं काही नव्हतं, तुझा शेवटचा रविवार अजून ताजा होता. स्पिरिट, कोरडं फडकं, स्क्रूच्या आट्यांना सुईच्या टोकाएवढं तेल. गोळा वाटी-स्क्रूसकट मिळाला, पण तिपाईचे पाय वहिनींकडेच आहेत, म्हणून दांडी आडवी करून वाटी टेबलाच्या कडेला सुताराच्या शिकंज्यात घट्ट धरली. टेबल भिंतीला सरकवलं, टोक तुझ्या रेघेवर येईपर्यंत चारही पायांखाली पुस्तकं घातली आणि दोन शेरांचं वजन टांगलं. हे सगळं लिहून होईपर्यंत वजन तिथेच होतं. आत्ता उठून पाहिलं. दांडी रेघेवर आहे. वजन काढलं आणि स्क्रू सैल सोडला. काम संपलं की सोडायचा, नाहीतर वाटीला एकाच जागी धरायची सवय लागते, असं तू सांगायचास.

हा मजकूर मी आपल्या दैनिकाकडे पाठवतो आहे. सोबत संपादकांना वेगळी चिठ्ठी आहे, की यातलं बाकी काहीही गाळलं तरी चालेल, पण खालची दुरुस्ती गाळू नये.

दुरुस्ती. कोलशेतच्या मिठागरावरील लेखासोबतचे छायाचित्र हलल्यामुळे छापण्याजोगे नाही, असे या बातमीदाराने सात वर्षांपूर्वी कळवले होते. तिपाईच्या गोळ्याला तेल या बातमीदाराने घातले होते, ते लपवले होते आणि नंतर पुसून टाकले होते. छायाचित्रकाराच्या अंगाला येणारा वास त्याच्या साफसफाईच्या स्पिरिटचा होता. तो माडी पीत नव्हता.

तुझा हात हलला नव्हता, धर्मा.